फॉरमॅट मारला तरी कॉम्प्युटर परत स्लो? विंडोजला सोडा, आधी डिस्क बघा

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन झाला तरी डेस्कटॉपवरचे आयकॉन अजून एकेक करून उगवतायत. क्रोमला मिनिट, वर्डला त्याहून जास्त, आणि मध्येच कुठं राइट क्लिक केलं तर नुसतं गोल चक्र फिरत बसतं. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसर १० टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्के. मग कुणीतरी सांगतं व्हायरस असेल, फॉरमॅट मार. फॉरमॅट मारला की दोन-तीन महिने बरं चालतं आणि परत येरे माझ्या मागल्या. इथं सांगलीत माझ्या ओळखीपाळखीत ज्यांच्याकडं जुना डेस्कटॉप आहे त्यातल्या बहुतेकांची हीच रड आहे, आणि शेवटचा प्रश्न पण ठरलेला, एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी नव्या जातीची वेगवान डिस्क) टाकू, का मोठी हार्डडिस्क घेऊ, का डबाच, म्हणजे अख्खं मशीनच बदलू?

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय. डबा बदलू नका, फॉरमॅटही मारू नका. विंडोज छोट्या एसएसडीवर न्या आणि जुनी हार्डडिस्क धड असेल तर तिला फोटो-व्हिडिओ सांभाळायला ठेवा. दोन्हीतलं एक निवडायचा हा मामलाच नाही, कुठल्या डिस्कवर काय ठेवायचं एवढंच ठरवायचं. पण "धड असेल तर" हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि नेमकं तेवढंच कुणी तपासत नाही.

आता फॉरमॅटनं तात्पुरतं बरं का वाटतं ते बघू. हार्डडिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यावर एक हेड इकडून तिकडं पळत डेटा उचलतं. डेस्कटॉपची नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांच्या वर जातात, हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरा, ४ मिलिसेकंद. हेड जागेवर जायला अजून ८-९. झाले १२-१३ मिलिसेकंद, एकदा वाचायला. सेकंदाला अशी ७५-८० वाचनं होतात, बास. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या बारक्या फायली मागते, कुठली ४ केबीची, कुठली १६ केबीची, सगळ्या डिस्कभर विखुरलेल्या. मग ८० गुणिले ४ केबी, म्हणजे सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि बाजूला वेग मात्र एक एमबीसुद्धा नसतो, आणि माणूस बुचकळ्यात पडतो की काहीच चाललेलं नाही तर १०० टक्के कसले. मार्केट यार्डातल्या हमालाला एकाच थप्पीतली शंभर पोती ट्रकात टाकायला सांगा, तो बघता बघता टाकेल; त्यालाच शंभर गोदामांतून एकेक पोतं आणायला सांगितलं तर दिवस जाईल, आणि दिवसभर तो रिकामा काही दिसायचा नाही. डिस्कचं तसंच आहे.

फॉरमॅट मारून ताजी विंडोज टाकली की सगळ्या फायली डिस्कच्या सुरुवातीला, एकमेकांना चिकटून बसतात. ही सुरुवात म्हणजे चकतीची बाहेरची कड, तिथं एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो, आतल्या कडेला वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय सुरुवातीला ना अँटिव्हायरस, ना प्रिंटरचं सॉफ्टवेअर, ना टॅली, ना ते आपोआप चालू होणारे दहा प्रोग्रॅम. पुढं अपडेट येतात, फायली पसरतात, हेडची पळापळ वाढते आणि गाडं मूळपदावर. फॉरमॅट मारणाऱ्याचं काम चुकलेलं नसतं, फक्त दुखणं तिथं नसतं.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे दोष डिस्कचाच असं नाही.

पहिली शंका रॅमवर घ्या. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि क्रोमचे आठ-दहा टॅब म्हणजे रॅम संपलीच, मग विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवायला लागते आणि लागेल तसा परत उचलते. हे काम हार्डडिस्कच्या जिवावर येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. काही खास चालू नसताना ८०-८५ टक्के भरलेली असेल तर तिथूनच रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्ट्स नावाचा आलेख असतो, तो सारखा उड्या मारत असेल तर रॅम कमी पडतेय. ४ ची ८ करा. जुनी डीडीआर ३ रॅम सेकंडहँड मिळून जाते. फक्त लॅपटॉपची रॅम आणि डेस्कटॉपची रॅम वेगळी, आणि काही लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर ३ एल लागते, तेव्हा जुनी काडी काढून सोबत घेऊनच दुकानात जावा. रॅम वाढवून पण चालू व्हायला तेवढाच वेळ लागत असेल तर पुढं चला, आणि खरं सांगायचं तर हार्डडिस्कवाल्या मशीनला बहुतेक वेळा पुढं चलावंच लागतं.

त्याच परफॉर्मन्समध्ये डिस्क ० वर क्लिक करा. तिथं ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम लिहिलेला असतो, सगळ्यात कामाचा आकडा हाच आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हाच. धडधाकट हार्डडिस्क साध्या कामाला १०-२० मिलिसेकंद दाखवते, एकदम खूप काम आलं तर शंभर-दोनशेपर्यंत चढते आणि काम सरलं की उतरते. एसएसडी बहुतेक वेळा एखाद-दुसरा मिलिसेकंदच दाखवते. पण तुमची डिस्क काही खास काम नसताना हजार, दोन हजार, पाच हजार दाखवत असेल तर ती स्लो नाही, ती आजारी आहे, किंवा केबल आजारी आहे. इथं येऊन फॉरमॅट मारणं म्हणजे आगीत तेल.

मग क्रिस्टल डिस्क इन्फो टाका, फुकट आहे, बारकं सॉफ्टवेअर आहे. हे डिस्कनं स्वतःच लिहून ठेवलेली तब्येतीची नोंद वाचून दाखवतं. निळं असेल तर बरं, पिवळं असेल तर सावध, लाल असेल तर आजच्या आज डेटा काढा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, चार ओळी स्वतः बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळं राखीव जागेत हलवलेले सेक्टर, सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारके कप्पे. सी५ म्हणजे वाचताना अडकलेले, निकालाची वाट बघत बसलेले सेक्टर. सी६ म्हणजे वाचताच न आलेले. या तिघांसमोर शून्य पाहिजे. ०५ वर पाच-दहा असतील आणि महिनोन्महिने तेवढेच राहत असतील तर बिनमहत्त्वाच्या कामाला चालतं, पण सी५ वाढत चालला असेल तर ती डिस्क चालली. एक गोम लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर आकडे दहाच्या नाही तर सोळाच्या पद्धतीनं (हेक्साडेसिमल) दाखवतं, म्हणजे ६४ दिसलं की ते खरं १०० असतं. फंक्शन, मग ॲडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूजमध्ये जाऊन १० वाला पर्याय निवडला की आपले नेहमीचे आकडे दिसतात. हे न बदलता घाबरून फोन करणारे पण आहेत आणि न बदलता निर्धास्त राहिलेले पण आहेत.

चौथी ओळ सी७. ही डिस्कच्या आतल्या दुखण्याची नसते, डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या बोलण्यात किती वेळा गडबड झाली त्याची असते, म्हणजे बहुतेक वेळा केबल. गावभागातल्या एका काकांचं मशीन दर थोड्या वेळानं १५-२० सेकंद गच्च थांबायचं, माऊस हलायचा पण क्लिक लागायचं नाही, मग एकदम सगळे क्लिक एकाच वेळी लागायचे. दोनदा फॉरमॅट झालेला, नवीन हार्डडिस्कचं कोटेशनही घेऊन ठेवलेलं. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य, आणि सी७ चार आकडी. कॅबिनेट उघडलं तर लाल साटा केबल (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी) पॅनेलच्या आत दाबून काटकोनात मोडलेली, आणि कनेक्टरची ती बारकी पत्र्याची क्लिप गायब. केबल बदलली, दुसऱ्या पोर्टात लावली, मिटलं. सी७ चा आकडा नंतर खाली येत नाही हां, तो जन्मभराचा हिशोब आहे, तो वाढायचा थांबला म्हणजे झालं.

डिस्कमधून टक टक, टक टक असा ठेक्यात आवाज येत असेल तर वरचं काहीच करत बसू नका. सॉफ्टवेअर नको, चेकडिस्क तर अजिबातच नको. मरायला टेकलेल्या डिस्कवर खराब सेक्टर शोधणारं पूर्ण चेकडिस्क लावलं की ते तासन् तास त्याच खराब जागेवर हेड घासत बसतं आणि जो डेटा निघाला असता तो पण जातो. आधी डेटा काढायचा, तो पण लागेल तो आधी, लग्नाचे फोटो, पोरांचे फोटो, हिशोबाचा बॅकअप, मग वेळ उरला तर पिक्चर आणि गाणी. विंडोज उघडतच नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून काढा. दुसऱ्या मशीनला पण दिसत नसेल आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडंच द्या, मधल्या कुणाला उघडू देऊ नका. धुळीचा एक कण चकतीवर बसला तरी हेड आपटतं.

समजा तपासणी झाली, डिस्क धड आहे, रॅम ठीक आहे, तरी मशीन रडतंय. आता एसएसडी. यात चकती नाही, हेड नाही, सगळं फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये, एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद. म्हणजे १२-१३ च्या जागी ०.१. जाहिरातीत ५५० एमबी सेकंदाला असं मोठ्या अक्षरात लिहितात, पण घरच्या कामात फरक पडतो तो त्या आकड्यानं नाही, या ०.१ नं पडतो. म्हणून जुन्या मशीनवर पण टाका, बिनधास्त.

जुनं म्हणजे किती जुनं? आपल्याकडं अजून ढिगानं चालतात ते एच ६१ चिपसेटचे बोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय ३ वाले. त्यावर साटाचे पोर्ट जुन्या ३ गिगाबिटवाल्या वेगाचे असतात, नवीन एसएसडी तिथं २७०-२८० एमबीच्या वर जाणार नाही. दुकानदार म्हणेल "या बोर्डला एसएसडीचा काय उपयोग नाही." आहे. भरपूर आहे. पोर्टनं अडतो तो सरळ रेषेतला वेग, बारक्या फायलींचं वाचन तरीही कुठल्याही हार्डडिस्कच्या कैक पट होतं. एच ८१ बोर्डवर दोन पोर्ट वेगवान आणि दोन जुने असतात, एसएसडी वेगवान पोर्टात लावायची, रंग किंवा बोर्डवर छापलेलं नाव बघून. एवढ्या जुन्या बोर्डला एनव्हीएमई, म्हणजे साटाऐवजी थेट बोर्डच्या वेगवान रस्त्यावर चालणारी एसएसडी, घेऊ नका, स्लॉट नाही, आणि ॲडॉप्टर लावला तरी त्यावरून बूट होईल याची खात्री नाही. गपगुमान अडीच इंची साटा घ्या.

नवीन बोर्डवर एम डॉट टू चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डवर खोचायचा स्लॉट असेल तर तिथं दुसरी गंमत. दिसायला सारख्याच पट्ट्या, पण काही साटावाल्या आणि काही एनव्हीएमईवाल्या, आणि स्लॉट कधी एकच घेतो, कधी दोन्ही. मॅन्युअल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची पट्टी ३५०० एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत, आणि हे आकडे ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण ज्याला वर्ड, टॅली, यूट्यूब आणि पोरांचे प्रोजेक्ट एवढंच करायचंय त्याला साटा आणि एनव्हीएमईमधला फरक डोळे बांधून विचारला तर सांगता यायचा नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. भावात फरक नसेल आणि स्लॉट असेल तर एनव्हीएमई घ्या, नाहीतर उगीच वरचे पैसे घालू नका.

किती जीबीची? १२० वाली आता घेऊ नये, विंडोज आणि अपडेटमध्येच भरते. २४०-२५६ वर घरचं काम होतं, बजेट जरा ताणलं तर ५०० घ्या आणि विषय संपवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे आणि फ्लॅशचे भाव चढलेत, त्यामुळं "थांबतो, स्वस्त होईल" हे गणित सध्या धरू नका. मोठ्या साठवणीला मात्र पर जीबी हार्डडिस्कच स्वस्त पडते, म्हणून तर जुनी धड असेल तर फेकायची नाही. नवीन हार्डडिस्क घ्यायचीच असेल तर १ टीबीच्या खालची घेऊ नका, आणि ती सीएमआर आहे का एसएमआर ते विचारा. सीएमआरमध्ये लिहिण्याच्या पट्ट्या शेजारी-शेजारी, वेगळ्या असतात, एसएमआरमध्ये त्या एकमेकांवर चढवलेल्या असतात, एक पट्टी बदलायची तर शेजारच्या पण परत लिहाव्या लागतात. फोटो एकदा टाकून ठेवायला चालते, पण विंडोज टाकायला किंवा सारखं लिहायला घेतली तर रडवते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्यावर बराच गदारोळ झाला होता, त्यानंतर कंपन्या ही माहिती स्पेसिफिकेशनमध्ये द्यायला लागल्या. दुकानदाराला माहिती नसेल तर मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर बघा.

"एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे" हा प्रश्न हमखास येतो. झिजते, खरं आहे, पण किती ते बघा. सॅमसंगची ८७० इव्हो २५० जीबी, तिला कंपनीनं १५० टेराबाइट लिहिण्याची हमी दिलीय. घरच्या मशीनवर रोज २० जीबी लिहिलं असं धरलं, जे बऱ्याच घरांत होत नाही, तरी १५० टेराबाइट संपायला वीस वर्षं लागतात. तोवर बोर्ड, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि मॉनिटर सगळं भंगारात गेलेलं असेल. स्वस्तातल्या अनोळखी एसएसडीचा प्रश्न वेगळा आहे, तिथं आत कसली फ्लॅश घातलीय ते कंपनी सांगत नाही, आणि सुरुवातीचे काही जीबी वेगात कॉपी होतात आणि मग वेग हार्डडिस्कच्याही खाली जातो, कारण पुढचा वेगवान साठा भरला की मागची खरी फ्लॅश उघडी पडते. ऑनलाइन दिसणारी हजार-दोन हजारातली १६ टीबी एक्स्टर्नल एसएसडी तर शुद्ध फसवणूक असते, आत बारकं मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा दाखवायचा जुगाड. पेन ड्राइव्ह असो का एसएसडी, संशय आला की एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावा, पूर्ण भरून परत वाचून बघतं. नवी म्हणून घेतलेल्या कुठल्याही डिस्कचे पॉवर ऑन अवर्स पण क्रिस्टलमध्ये बघून घ्या, नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर लगेच परत करा.

आता बसवताना जे घोळ होतात ते. यातला पहिला सगळ्यात जास्त होतो. एसएसडी जोडली, जुनी हार्डडिस्क पण जोडलेलीच ठेवली, आणि विंडोज एसएसडीवर टाकली. सगळं मस्त चालतं. सहा महिन्यांनी जुनी हार्डडिस्क मेली किंवा काढली की मशीन चालूच होत नाही, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं. कारण विंडोज एसएसडीवर गेली पण बूट करणारा बारका भाग सेटअपनं जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या जागीच ठेवला. उपाय साधा, विंडोज टाकताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा, एकटी एसएसडी जोडा, पूर्ण झालं, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं, की मग हार्डडिस्क लावा.

दुसरा, "एसएसडी लावली पण माय कॉम्प्युटरमध्ये येतच नाही." नवीन डिस्कवर विभागच नसतात तर येणार कुठून. डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइझ करा, जीपीटी निवडा, न्यू सिंपल व्हॉल्यूम करा. तिथंही दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ २ सारखं बटण दाबून उघडणारं सेटिंगचं पान) बघा, तिथंही नसेल तर केबल किंवा पॉवरचा कनेक्टर.

तिसरा, एम डॉट टू लावल्यावर चालू असलेली हार्डडिस्क गायब होते आणि माणूस घाबरतो. बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टू चा स्लॉट भरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद होतो. हार्डडिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात टाका, येते.

नवी विंडोज टाकायची का जुनीच उचलून एसएसडीवर ठेवायची, म्हणजे क्लोन करायचं? घरचं साधं मशीन असेल तर नवीन टाका, कचरा जातो. पण अडत दुकानाचं किंवा छपाईचं काम घरातून करणाऱ्यांचं मशीन असेल, टॅली, श्रीलिपी, जुने मराठी फाँट, कुठल्यातरी जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ज्याची सीडी कधीच हरवलीय, तर क्लोनच करा, नाहीतर पुढचे आठ दिवस तुमचे. क्लोनझिला फुकट आहे पण तोंडवळा काळ्या पडद्याचा, ज्यांना जमत नाही त्यांनी एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर वापरावं. ५०० जीबीच्या डिस्कवरून २५० च्या एसएसडीवर जाताना आधी डेटा दुसरीकडं हलवा, म्हणजे विभाग आक्रसता येतात. आणि क्लोन फक्त धड डिस्कचंच. सी५ वाढत असलेल्या डिस्कचं क्लोन मध्येच अडकतं, अडकलं नाही तर अर्धवट फायली सोबत घेऊन येतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक जुनी युक्ती अजून चालते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथं कॅडी, म्हणजे त्याच मापाचा डिस्क बसवायचा साचा, बसवून जुनी हार्डडिस्क घालायची, आणि मूळ जागी एसएसडी. उलट करू नका, डीव्हीडीचा पोर्ट बऱ्याच लॅपटॉपवर मंद असतो. कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ अशा दोन येतात.

बसवून झालं की डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरं हार्डडिस्कवर हलवा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. मात्र आधी डी ड्राइव्हमध्ये प्रत्येकाचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात हलवा, थेट डी वर हलवलं तर पूर्ण ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो आणि तो घोळ निस्तरताना नाकीनऊ येतात. एसएसडी काठोकाठ भरू नका, १०-१५ टक्के मोकळी राहू द्या. डीफ्रॅगचं, म्हणजे विखुरलेल्या फायली एकत्र करणारं वेगळं सॉफ्टवेअर लावू नका. विंडोजचं स्वतःचं ऑप्टिमाइझ चालू असू दे, ते एसएसडी ओळखून वेगळं काम करतं.

वीज. आपल्याकडं उन्हाळ्यात वळवाचा वारा सुटला की लाईट गेलीच, आणि जाते ती पण एकदा नाही, जाते येते जाते येते. हार्डडिस्क अशा वेळी हेड बाजूला घेते, फार तर चालू फाईल बिघडते. स्वस्त एसएसडीत मात्र नेमक्या लिहिण्याच्या क्षणी लाईट गेली तर कुठला डेटा कुठं ठेवलाय त्याचा आतला नकाशाच बिघडू शकतो, आणि मग ती बायोसमध्ये पण दिसत नाही. यूपीएस लावा. असलेल्या यूपीएसची बॅटरी तपासा, दोन-तीन वर्षांनी ती नुसती शोभेला असते. अजून एक, हार्डडिस्क मरताना बहुतेक वेळा आवाज करते, स्लो होते, चार दिवस मुदत देते. एसएसडी काल रात्री चालू होती आणि सकाळी नाही, असं होतं. शिवाय एसएसडीवरून डिलीट झालेलं सहसा परत मिळत नाही. म्हणून एसएसडी घेतली म्हणून बॅकअप सुटत नाही, उलट जास्त लागतो.

बॅकअपची जागा पण बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची, तेव्हा हरभट रोड, मारुती चौक, गावभागात तळमजल्यावरचे कॉम्प्युटर बुडाले आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्डडिस्क पण बुडाली. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. ज्यांचं घर पूररेषेत आहे त्यांनी एक प्रत मिरजेच्या नाहीतर विश्रामबागच्या पाहुण्यांकडं ठेवावी, वर्षातून दोनदा बदलावी, कुणी नाही म्हणत नाही. भिजलेली हार्डडिस्क वाळवून चालू करून बघायचा मोह आवरा. नेहमीच्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असतं, करंट दिला की हेड आणि चकती दोन्ही गेले. उन्हात ठेवायची नाही, तांदळात पुरायची नाही, तशीच ओली पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडं. दर ऐकून घाम फुटेल ते वेगळं. बॅकअपची एक्स्टर्नल हार्डडिस्क वर्षातून दोन-चार वेळा जोडून उघडून बघा, आणि वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायचं असेल तर त्याला एसएसडी नको, फ्लॅशमधला चार्ज वीज नसताना हळूहळू उतरतो. कपाटासाठी हार्डडिस्कच बरी.

एसएसडी टाकून पण १०० टक्के दाखवत असेल तर? क्वचित होतं. एक, बायोसमध्ये साटा मोड जुन्या आयडीईवर असतो, तो एएचसीआय पाहिजे, पण विंडोज टाकायच्या आधी बदला, नंतर तसाच बदलला तर निळा पडदा येतो. दोन, एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर) जुनं असतं, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अपडेट करा, आधी बॅकअप. तीन, दोन-दोन अँटिव्हायरस. एक काढा, विंडोजचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो. सिसमेन नावाची सर्व्हिस बंद करा असं सगळीकडं वाचायला मिळतं, हार्डडिस्कवर त्यानं थोडा फरक पडतो, एसएसडी आल्यावर तिला हात लावायची गरज नाही.

राहता राहिला विंडोज १० चा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, घरच्या वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलीय. विंडोज ११ ला टीपीएम २ (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एच ६१ वाले त्यात बसत नाहीत. अशा मशीनवर इंटरनेट, मेल, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, मराठी टायपिंग पण होतं. टॅली आणि जुने फाँट लागतातच असं असेल तर विंडोज १० राहू द्या, बँकेचे व्यवहार मोबाईलवर करा आणि दोन वर्षांनी मशीन बदलताना ही एसएसडी काढून नव्यात लावा, साटाची अडीच इंची असल्यामुळं जवळपास कुठल्याही डेस्कटॉपमध्ये बसेल.